एक रेघ कमी

“चालतं” हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. “साहेब, एवढं चालतं,” असं कुणी म्हटलं की ते हातातला टाक खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि शांतपणे विचारायचे, “कोनाचं चालते? नाव सांगा. त्याईले बोलवून घेऊ.” बोलवायला अर्थातच कुणी नसायचं. मग ते चष्मा खाली करून पुन्हा लिहायला लागायचे, आणि आपण चोरी करताना सापडल्यासारखे तिथं उभे.

आता खोटं काहून बोलू, मला हा माणूस तेव्हा अजिबात आवडत नव्हता.

अकोल्याच्या एका कोर्टात ते हेड कॉपिस्ट होते आणि मी लेखनिक. म्हणजे साक्षीदार बोलायचा, मी लिहून घ्यायचो, आणि पुढे त्या लिहिलेल्याची कुणाला खरी नक्कल हवी झाली की ती ते करून द्यायचे. वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात आलं होतं. साक्षी मराठीत घ्यायच्या होत्या, आणि माझी मराठी चांगली असल्याचा बोभाटा मी स्वतःच केलेला होता. धामणगाव रेल्वे या गावच्या शाळेत मला शुद्धलेखनाचं बक्षीस मिळालं होतं. चोवीस वर्षांच्या माणसाच्या डोक्यात हवा जायला तेवढं पुरतं.

त्यांचा सगळा जीव अवतरणचिन्हांत होता. मजकुरासाठी एक टाक आणि अवतरणाच्या रेघांसाठी दुसरा, बारीक निबाचा, असे दोन टाक ते वापरायचे. दुसऱ्याला कुणी हात लावला तर त्या दिवशी कामकाज बंद. नियम त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता.

“बोलनं असन तर दोन्ही बाजूले दोन-दोन रेघा. नाव असन तर एक-एक. इसरायचं नाही.”

“पण साहेब, वाचणाऱ्याला संदर्भानं कळतंच की.”

“कोन्या वाचनाऱ्याले?”

मी पुढचा कागद ओढला. नाव सांगा म्हणाले असते.

कागदावरची ही शिस्त त्यांच्या बोलण्यातही उतरली होती. कुणाचा निरोप सांगायचा झाला तर आधी बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा टकटक करायचे, निरोप सांगायचे, आणि संपला की पुन्हा दोनदा टकटक. “टक टक, उद्या रजा मिळणार नाही, टक टक.” एवढं झालं की समजायचं, हे हेडक्लार्कचे शब्द आहेत, यांचे नाहीत, यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. गावाचं किंवा देवळाचं नाव आलं की एकच टक. नवीन पक्षकारांना वाटायचं, म्हातारबुवांच्या हाताला काही विकार असावा.

जठारपेठेत त्यांच्या खोलीसमोर मिठाईचं दुकान होतं. दुकानदारानं हौसेनं नवी पाटी रंगवून घेतली: ‘शुद्ध’ तुपाची मिठाई. शुद्ध हा शब्द उठून दिसावा म्हणून पेंटरनं त्याला दोन्हीकडून एकेक रेघ मारून दिली होती. आमचे साहेब कचेरीला निघालेले, छत्री हातात, ते पाटीसमोर थांबले.

“शुद्ध हे तुपाचं नाव हाय का?”

“नाव कायचं? तूप शुद्ध हाय!” दुकानदार म्हणाला.

“असं कोन म्हनते?”

“मी म्हन्तो ना बावा!”

“मंग दोन-दोन रेघा टाका आन् खाली तुमचं नाव लिवा. आता जे लिवलं, त्याचा अर्थ होते का तुपाचं नाव शुद्ध हाय. नाव काहीई असू शकते. माह्या भाच्याचं नाव शूर हाय, तो पालीले भेते.”

गिऱ्हाइकं हसली, दुकानदार तापला, आणि साहेब त्याला नमस्कार करून कचेरीत आले. मस्करी केली असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांनी माहिती दिली होती. पाटीवरच्या रेघा मात्र चारच दिवसांत पुसल्या गेल्या.

आमच्याच एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला ते गेले नाहीत, कारण पत्रिकेत ‘ईश्वरकृपेने’ हा शब्द एकेरी अवतरणात छापला होता. “कृपा हाय का नुसती म्हनायपुरती हाय, ते आधी ठरवा,” म्हणाले. आहेर पाठवला, तो नेमका आणि वेळेवर. पण गेले नाहीत.

आणि त्या मेंढपाळाची गोष्ट तर अकोल्याच्या वकिलांनी वर्षभर सांगितली. एका जुन्या साक्षीत कुणा लेखनिकानं (मी नव्हे, माझ्या आधीचा) मेंढपाळाचं बोलणं सुरू होताना दोन रेघा मारल्या आणि संपताना मारायच्या विसरला. साहेबांनी अकरा पानं जशीच्या तशी उतरवली आणि शेवटी टीप लिहिली: “मूळ कागदाप्रमाणे मेंढपाळाचे बोलणे अद्याप संपलेले नाही. उलटतपासणी, दोन्ही वकिलांचे युक्तिवाद व न्यायाधीशांचा हुकूम हे सर्व मेंढपाळ बोलला आहे.” न्यायाधीशांनी त्यांना बोलावून घेतलं. बाहेर आले तेव्हा चेहरा जसा आत जाताना होता तसाच. मी विचारलं, न्यायाधीश रागावले का? ते म्हणाले, “टक टक, तुम्ही मला वेड लावाल, टक टक.”

मी अर्थात दुसऱ्या टोकाचा. मी सगळीकडे एकेक रेघ मारायचो. नाव असो, बोलणं असो, शिवी असो. हात वाचतो, अक्षर सुबक दिसतं, आणि कोण पाहतं? शिवाय मी साक्षीदारांची वऱ्हाडी धुऊन पुसून पुस्तकी करायचो. “मले” चं “मला”, “काहून” चं “का”. आमच्याकडचा खेड्यातला माणूस दुसऱ्याचं बोलणं सांगताना मध्येमध्ये “म्हने” घालतो: तो आला म्हने, भूक लागली म्हने. हे “म्हने” मी तांदळातल्या खड्यासारखं वेचून काढायचो. मीही लहानपणी तसंच बोलायचो, म्हणून तर जास्तच जोरात काढायचो.

गिरजाबाईचं काम माझ्या हातून गेलं ते असं.

ही पातूरकडची माळ्याची बाई, विधवा, चाळिशीची. वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बाजारात विकायची. नवरा गेल्यावर सासऱ्यानं तोंडी वाटणी केली आणि विहिरीचं वावर तिला दिलं, असं तिचं म्हणणं. कागद नव्हता. सासरा पुढे वारला. तेव्हा दीर उभा राहिला: वाटणी झालीच नाही, वावर माझं. तिचा वकील म्हणाला, गावात त्या वावराला ‘बाईचं वावर’ म्हणतात ना? दीर म्हणाला, ते तर आजोबांच्या वेळेपासूनचं नाव आहे, बांधावर कुणा जुन्या बाईचं ठाणं, म्हणजे शेंदराचा दगड, होतं म्हणून. नावानं का मालकी ठरते?

वाटणीच्या वेळी हजर असलेला एकच माणूस उरला होता, शेजारचा म्हातारा. त्यानं साक्ष दिली आणि दोन महिन्यांत तोही गेला. ती साक्ष मी लिहिली होती. कागदावर माझ्या सुबक अक्षरात असं होतं: वाटणीच्या दिवशी सासऱ्याने बांधावर उभे राहून मला दाखविले ते ‘बाईचे वावर’. त्याच पानावर वर ‘चिंचेचे वावर’ आणि ‘नाल्याचे वावर’ ही शेजारच्या शेतांची नावं, तीही एकेरीतच. न्यायाधीशांनी सरळ अर्थ लावला: म्हाताऱ्याला एक शेत दाखवलं गेलं, त्याचं नाव ‘बाईचे वावर’. दिलं कुणाला, याबद्दल काही नाही. तेच सासऱ्याच्या तोंडचे शब्द असते तर वाटणी ठरली असती. गिरजाबाई हरली.

तिनं अपील केलं. जिल्ह्याच्या न्यायाधीशांनी पूर्वी वकिली करताना दिराचं काम पाहिलेलं, म्हणून अपील अमरावतीला वर्ग झालं. आणि तिच्या वकिलानं साक्षीची नक्कल मागितली. नक्कल साहेबांनी स्वतः करायला घेतली.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. बोट त्या ओळीवर होतं.

“हे नाव हाय का बोलनं?”

मला तो म्हातारा लख्ख आठवत होता. कारण त्यानं सासऱ्याची हुबेहूब नक्कल केली होती. फाटका आवाज, पुढे केलेलं बोट. अख्खं कोर्ट हसलं होतं आणि न्यायाधीश म्हणाले होते, नाटक करू नका. मी साहेबांना सांगितलं, “बोलणं. तो म्हणाला होता, बांधावर उभं राहून मले बोट दाखवलं, हे बाईचं वावर म्हने.”

“म्हने?”

“हो.”

“मंग थे ‘म्हने’ कुठं गेलं?”

“मी काढलं. खेडवळ वाटतं.”

त्यांनी बारीक निबाचा टाक पुसून बाजूला ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“साहेब,” मी म्हणालो, “नकलेत दोन्हीकडे एकेक रेघ वाढवा. कुणाला कळणार नाही. खरं तेच होईल.”

“मुळात एक. नकलेत एक.”

“पण खरं तर—”

“खरं तुमी लिवाले पायजे होतं. मी नक्कल करून राहिलो.”

दाराशी गिरजाबाई उभी होती. नक्कल झाली का विचारायला आली होती आणि सगळं ऐकून बसली होती. ती आत आली नाही. तिथूनच तिनं विचारलं, “भाऊ, एका रेघेनं माहं वावर जाते का?”

“हाव,” ते म्हणाले.

असं कुणी सांगतं का हो? काही तरी गोड बोलावं, बघू म्हणावं. मला इतका संताप आला की त्यांची दौत उचलून फेकावी. बाई ओसरीवर जाऊन बसली. दिरानं तिला सांगून ठेवलं होतं की अपील फेटाळलं की वांगी उभीच नांगरून टाकीन.

पुढचे तीन दिवस साहेब दप्तरखान्यात होते. जेवायला तेवढे बाहेर. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर बारा साक्षी मांडल्या, सगळ्या माझ्या हातच्या, त्याच हंगामातल्या. प्रत्येकीत एका ओळीवर कागदाची चिठ्ठी.

“वाचा.”

मी वाचलं. साक्षीदार म्हणाला ‘मी शुद्धीवर आहे’. एकेरी. बाईने कोर्टास विचारले ‘तुम्ही वेडे आहात काय’. एकेरी. सगळ्या बाराच्या बारा.

“तुमच्या लिवन्यापरमानं ‘मी शुद्धीवर आहे’ हे एखाद्या वावराचं नाव हाय,” ते म्हणाले. “तुमाले दुहेरी येतच नाही. म्हनून तुमच्या एकेरीचा काहीच अर्थ होत नाही. थे नावई असू शकते, बोलनंई असू शकते. हे कोर्टाले दाखवता येते.”

मला क्षणभर आनंदच झाला. मग उरलेलं लक्षात आलं. “म्हणजे कोर्टात माझं अज्ञान सिद्ध करायचं?”

“हाव.”

“साहेब, मी अजून कायम झालेलो नाही. चार महिने राहिलेत.”

“माहीत हाय. मले पक्षकाराले सल्ला द्याची परवानगी नाही. या नकला मागितल्या तर मी देईन. मागा म्हनून सांगू शकत नाही.” त्यांनी चिठ्ठ्या काढून घेतल्या, कागद पुन्हा बांधले आणि आपल्या जागेवर गेले. एकदाही म्हणाले नाहीत की तू जाऊन सांग.

आठवडाभर मी गेलो नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते. घरी आई माझ्यासाठी मुली पाहत होती आणि सांगत होती, पोरगा लवकरच कायम होते. मी स्वतःला समजावत होतो की अमरावतीचे न्यायाधीश हुशार असतील, संदर्भानं समजून घेतील, चालेल.

मग एका दुपारी गिरजाबाई नक्कल घेऊन निघाली. जाताना माझ्या टेबलाशी थांबली आणि हसून म्हणाली, “भाऊ, हे तुमचं अक्षर व्हय ना? वकीलसाहेब म्हने, लय सुंदर अक्षर हाय.”

तिला माहीत होतं की ती रेघ माझी आहे. तरी टोमणा नव्हता त्यात. खरंच कौतुक करत होती. मी त्याच संध्याकाळी जठारपेठेत तिच्या वकिलाच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

वकिलानं त्या बारा साक्षींच्या नकला मागितल्या आणि नवा पुरावा घ्यावा असा अर्ज दिला; तो मंजूर झाला. अमरावतीहून आम्हा दोघांना समन्स आलं. साहेबांना मूळ कागद घेऊन, मला माझं अज्ञान घेऊन. बडनेऱ्याला गाडी बदलली. वाटभर साहेबांचं एकच आसन. कागदांचं गाठोडं मांडीवर, त्यावर दोन्ही हात. अमरावती त्यांचं स्वतःचं गाव, पण स्टेशनवर उतरल्यावरही कुणाकडे पाहिलं नाही.

आधी त्यांना पिंजऱ्यात बोलावलं. त्यांनी बारा कागद दाखवले. दिराचा वकील जाडा आणि हसतमुख होता. “तुम्ही अनुभवी आहात. तुमच्या मते म्हातारा काय म्हणाला असेल?”

“मले माहीत नाही. मी तिथं नव्हतो.”

“अंदाज?”

“अंदाजाची नक्कल होत नाही.”

गिरजाबाईच्या वकिलानं कपाळाला हात लावला. एक होकार मिळाला असता तर बिघडलं काय असतं? मागच्या बाकावर तिचा चेहरा पांढरा पडला होता. साहेब खाली उतरले आणि तिच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

मग मी. दिराच्या वकिलानं मला सोलून काढलं. एकेरी आणि दुहेरी अवतरणातला फरक कोणत्या इयत्तेत शिकवतात? तुम्ही कितवी पास? शुद्धलेखनाचं बक्षीस मिळालं होतं का? (हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे.) लोक हसले. मी म्हणालो, फरक शिकवला होता, मी पाळला नाही. आळस केला. आणि त्या बाईचं वावर माझ्या आळसानं गेलं.

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी वकिलाला थांबवलं. “म्हातारा नेमकं काय बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगा.”

मी सांगितलं. पुस्तकी नाही, घरी बोलतो तसं. हातही आपसूक पुढे गेला. “वाटनीच्या दिवशी त्यानं बांधावर उभं राहून मले बोट दाखवलं, हे बाईचं वावर म्हने.”

न्यायाधीशांनी मान हलवली आणि आपल्या लेखनिकाला मजकूर सांगायला सुरुवात केली. “लिहा. साक्षीदार सांगतो की, म्हाताऱ्याच्या सांगण्यानुसार, वाटणीच्या दिवशी सासऱ्याने बांधावर उभे राहून बोटाने दाखविले ते बाईचे वावर.”

पुन्हा तेच. मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

“साहेब, म्हने राहिलं.”

ते उभे होते. छत्री खाली पडली होती. इतक्या वर्षांत न विचारता त्यांनी कोर्टात एक शब्द काढलेला कुणी ऐकला नव्हता.

“तुम्हाला कुणी विचारलं?” न्यायाधीश म्हणाले.

“कोनीच नाही.”

“मग?”

“म्हने राहिलं,” ते पुन्हा म्हणाले. “थे राहिलं तर बाईचं काहीच राहत नाही, साहेब.”

न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग लेखनिकाकडे वळून म्हणाले, “खोडा ते. तो जसं बोलला तसं लिहा. ‘म्हने’ सकट. आणि बोलण्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन रेघा.”

निकाल पंधरा दिवसांनी लागला. वावर गिरजाबाईचं ठरलं. माझ्या नोकरीच्या पुस्तकात शेरा आला आणि कायम होणं वर्षभर लांबलं. आईनं त्या हेड कॉपिस्टाला मनसोक्त शिव्या घातल्या, मी एकही घातली नाही. न विचारता बोलल्याबद्दल साहेबांकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्यांनी तो एका ओळीत दिला: बोललो हे खरे आहे.

निकालाची नक्कल आली त्या दिवशी गिरजाबाई कचेरीत आली. तिला वाचता येत नव्हतं. “त्यात मामाजीचं बोलनं लिवलं हाय म्हन्ते,” ती साहेबांना म्हणाली. मामाजी म्हणजे तिचा सासरा. “थे वाचून दाखवा ना, भाऊ.”

पक्षकाराला नक्कल वाचून दाखवायची नाही असा त्यांचाच दंडक होता. त्यांनी चष्मा पुसला, पान काढलं आणि वाचलं, “हे बाईचं वावर म्हने.” त्यांच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात.

तिनं पदर तोंडाला लावला. “माह्या कानानं कधी आयकलं नव्हतं,” ती म्हणाली. “मले घरातच बसवलं होतं त्या दिवशी. आनखी एकदा वाचा.”

त्यांनी आणखी एकदा वाचलं.